एकच धबधबा, वर्षात चार वेळा: मुंबईजवळच्या डोंगरात धबधब्याचे फोटो कसे काढायचे

दरवर्षी जूनमधे पहिला मोठा पाऊस पडला की मला दोन-चार मेसेज हमखास येतात, या रविवारी कुठल्या धबधब्यावर जाऊ, कॅमेरा नवीन घेतलाय, सेटिंग काय ठेवू. सेटिंग सांगतोच खाली सगळं, पण त्याआधी एक गोष्ट सांगतो जी कळायला मला सात-आठ पावसाळे लागले. चांगला फोटो मिळतो तो जागा पाठ असल्यामुळे, आणि जागा पाठ होते एकाच धबधब्यावर परत परत गेल्याने, त्यातही तिथे पाणी नसताना गेल्याने. दर रविवारी नवा धबधबा गाठायचा नाद थोडा कमी करा, एक निवडा, लोकलने जाता येईल असा, आणि वर्षातून निदान चार वेळा त्याच्याकडे जा.

माझा आहे तो भिवपुरी रोड स्टेशनपासून माथेरानच्या डोंगराकडे चालत गेलं की एका घळीत. फार मोठा नाही, तीन टप्प्यात पडतो. नेमकी जागा सांगत नाही कारण त्या भागात जुलैत आधीच पाय ठेवायला जागा नसते. तुम्हाला बोरिवलीच्या नॅशनल पार्कातला कान्हेरीचा ओढा जवळ पडेल, कोणाला चिंचोटी, कोणाला कसाऱ्याजवळचं विहीगाव. कुठलाही चालेल, फक्त ठरवा.

जानेवारी ते मे: कोरडा धबधबा बघायला जा

हे वाचून लोक म्हणतात कोरड्या दगडांचे काय फोटो काढायचे. फोटो नका काढू हवं तर, पण बघून या. आपला सह्याद्री म्हणजे लाव्हाचे थरावर थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, त्यात एक थर कठीण आणि त्याच्या खालचा ठिसूळ असं आलटून पालटून असतं, ठिसूळ थर झिजतो, कठीण थराची कड पुढे राहते आणि म्हणून आपले धबधबे पायऱ्या पायऱ्यांनी पडतात. उन्हाळ्यात या पायऱ्या उघड्या दिसतात. पाणी कुठल्या कडेवरून उडी मारणार, कुठे दगडावर आपटून फुटणार, कुठे पंख्यासारखं पसरणार हे सगळं आधीच कळतं. जुलैत तिथे गेलात तर पांढऱ्या तुषारांत यातलं काहीच दिसत नाही.

मी तेव्हा काय करतो, तर फोनमधे नोंदी ठेवतो. ऊन किती वाजता घळीत येतं, किती वाजता जातं, ट्रायपॉडचे तीन पाय कुठल्या दगडावर नीट बसतात, कुठल्या झाडाची फांदी फ्रेममधे आडवी येते. कुंड केवढं खोल आहे ते रिकामं असतानाच कळतं, कडेला एकदम खाली जाणारे खड्डे असतात ते तेव्हाच बघून ठेवायचे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओढ्याकाठच्या झाडांकडे वर बघा. फांद्यांमधे वाळलेला पालापाचोळा, काटक्या, चिंध्या, प्लास्टिक अडकलेलं दिसेल. गेल्या पावसाळ्यात पूर तिथपर्यंत आला होता. माझ्या घळीत ही खूण माझ्या डोक्याच्या वर हातभर आहे, ती बघितल्यापासून जुलैमधे मी त्या घळीत उतरलेलो नाही.

दिशा पण याच फेरीत कळते आणि ती फार कामाची आहे. घाटाची मुख्य भिंत, म्हणजे माळशेज, ढाक, खंडाळा या बाजूचे कडे कोकणाकडे म्हणजे पश्चिमेला तोंड करून उभे आहेत, त्यामुळे तिथले धबधबे सकाळी सावलीत आणि दुपारनंतर उन्हात. पण माथेरानचा डोंगर सुटा आहे, त्याची नेरळ-कर्जतकडची बाजू पूर्वेला बघते, म्हणून माझ्या धबधब्यावर सकाळीच थेट ऊन येतं आणि तीननंतर सूर्य डोंगरामागे गेला की छान एकसारखी सावली. धबधब्याला सावली किंवा ढगाळ उजेडच चांगला, कडक उन्हात पाणी फटफटीत पांढरं आणि दगड काळेकुट्ट होतात, मधलं काहीच उरत नाही. तेव्हा तुमच्या धबधब्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते आधी बघा, मग लोकल कितीची पकडायची ते ठरवा. एप्रिल-मे मधे जाणार असाल तर मात्र पहाटेच निघा, तीन लिटर पाणी घ्या, अकराच्या आत परत फिरा, त्या दगडांची धग बेकार असते.

जून: घाई नको

हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबईत मान्सून येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. पण पाऊस आला म्हणजे धबधबा आला असं होत नाही, आधी जमीन पाणी पिते, आठ-दहा दिवस चांगला पाऊस झाल्यावर ओढे वाहायला लागतात. पहिलं पाणी चहासारखं असतं, वरची सगळी माती, पाला घेऊन येतं आणि वर्षभर उन्हाने सुटे झालेले दगडही. जूनमधे कड्याच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, पाणी थोडं असलं तरी नाही.

या महिन्यात मी मोठ्या फ्रेमच्या मागे लागत नाही. दगडांवर नवीन शेवाळ धरतं, त्या हिरव्या रंगाला पुढे वर्षभर तोड नसते. जवळून काढा. आणि गियरची तपासणी करून घ्या, ट्रायपॉडचे स्क्रू, सॅकचं रेनकव्हर, मेमरी कार्ड. ट्रायपॉड नसेल तर भारीचा नकोच, फोर्टात बोरा बाजारात फिरून साधा पण जड आणि कमी जॉइंटवाला बघा, हलका असेल तर वाऱ्यात आणि पाण्यात थरथरतो.

जुलै: लांबून काढा

जुलैबद्दल जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळी गर्दी तेव्हाच असते आणि अपघातही.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी बघितला. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी व्हिडिओ काढताना एक तरुणी दरीत पडून गेली. खारघरचं पांडवकडा, भिऱ्याचं देवकुंड अशा ठिकाणी पावसाळ्यात बंदी घालतात त्यामागे अशीच कारणं आहेत. निघायच्या आधी त्या जिल्ह्याचा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि वनखात्याची सूचना बघा, बंदी असेल तर जाऊ नका, आडवाटेने तर अजिबात नाही.

माझ्या बाबतीत काय झालं ते सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी जुलैचा दुसरा आठवडा, गुडघाभर पाण्यात ट्रायपॉड लावून उभा होतो, डोक्यावर पाऊस नाही, ऊन पडेल असं आभाळ. वरच्या बांधावर भाताची लावणी चालू होती, तिथून एक मामा ओरडले, "ओ दादा, भायेर या, वर डोंगरावर काळं झालंय बघा!" मला वाटलं दोन फोटो काढून निघू. मामा परत ओरडले, आता शिवी घालून, तेव्हा निघालो. काठावर येऊन सॅक पाठीला लावेपर्यंत पाण्याचा रंग बदलला, आधी पानं आणि काटक्या आल्या, मग आवाज जड झाला, आणि मी उभा होतो तिथे कमरेच्या वर पाणी. दहा मिनिटं पण झाली नसतील. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर पठारावर कोसळत असतो आणि ते सगळं पाणी त्या एका घळीतूनच खाली येतं. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झालं, पालापाचोळा वाहत आला, आवाज बदलला, यातलं एक जरी झालं तर सामान तिथेच टाकून काठावर चढा. ट्रायपॉड परत घेता येतो. त्या मामांकडे मी आता दर फेरीला आधी जातो, वर पाऊस कसा झाला विचारतो, मग पुढे. भाताच्या खाचरातून जाताना बांधावरून चाला पण लावणी झालेली असेल तर विचारून, ओला बांध पायाने ढासळतो आणि पाणी निघून जातं, आपल्या एका फोटोसाठी कोणाची रोपं मरायला नकोत.

म्हणून जुलैत लांबून. खंडाळ्याचा कुणे धबधबा समोरच्या बाजूने, माळशेजचे कडे रस्त्याकडेच्या सुरक्षित पॉइंटवरून, माझा धबधबा खालच्या शेताच्या बांधावरून. ५५-२५० किंवा ७०-३०० सारखी साधी झूम लेन्स पुरते. लांबून काढल्याचा फायदा म्हणजे पूर्ण कडा, ढग, खालची हिरवी खाचरं सगळं एका फ्रेममधे येतं आणि धबधबा केवढा आहे ते कळतं. दूरवर रंगीत छत्रीवालं माणूस असेल तर आणखी चांगलं, माणसाशिवाय ५० फूट काय आणि ५०० फूट काय, फोटोत सारखंच दिसतं.

आता शटरचं, म्हणजे फोटो काढताना प्रकाश किती वेळ आत येऊ द्यायचा त्याचं. धबधबा म्हटलं की सगळे दुधासारखं पाणी करायला जातात, दोन सेकंद, चार सेकंद. जुलैत ते करू नका. पाणी इतकं जाड असतं की लांब शटरने त्याचा पांढरा ठोकळा होतो, भिंतीला चुना लावल्यासारखा. १/६० ते १/२५० सेकंदाच्या मधे ठेवा, पाण्याचे पदर दिसतात, ताकद दिसते. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० झाला तरी चालेल, थोडा नॉइज (दाणेदारपणा) आला तर येऊ दे.

एक्सपोजरला, म्हणजे फोटो किती उजळ येणार त्याला, दोन फसवणुकी आहेत. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं सरासरी मधल्या करड्या रंगाचं धरतो. ओला बेसाल्ट कोळशासारखा काळा असतो, फ्रेममधे काळा दगड जास्त असेल तर मीटर म्हणतो अंधार आहे, फोटो उजळ करतो आणि पाणी जळून जातं, म्हणजे नुसतं पांढरं होतं. तिथे एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे २/३ किंवा उणे १ करा. धुकं असेल तर उलट, सगळं पांढरं म्हणून मीटर फोटो राखाडी मळकट करतो, तिथे अधिक २/३ पासून सुरू करा. हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) उजव्या भिंतीला आपटत नाहीये ना तेवढं बघायचं, स्क्रीनवरच्या फोटोवर विश्वास नको कारण ढगाळ उजेडात स्क्रीन नेहमीच छान दिसतो. आणि रॉ मधे (कॅमेऱ्याची न दाबलेली मूळ फाइल) काढा, पाण्यातली डिटेल नंतर ओढून काढता येते, जेपेगमधे एकदा जळालं की जळालं.

ढगाळ दिवशी आकाश फ्रेममधून कापा. पांढरं आकाश आणि पांढरं पाणी एकत्र आलं की डोळा आकाशाकडेच जातो. फक्त ढग कड्यावरून खाली उतरत असतील तर ठेवा.

पावसात कॅमेरा कसा वाचवायचा यावर लोक बरेच पैसे घालवतात. माझं साहित्य असं: दांड्याची मोठी काळी छत्री, हॉटेलात मिळते ती शॉवर कॅप कॅमेऱ्याच्या डोक्यावर, सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी (नुसत्या रेनकव्हरवर अवलंबून राहू नका, पाठीच्या बाजूने पाणी आत येतंच), दोन कोरडे पंचे आणि चार मायक्रोफायबर कापड वेगवेगळ्या झिपच्या पिशव्यांत. पंचा बॉडी पुसायला, काचेला मायक्रोफायबरच. फ्रेम लावून होईपर्यंत लेन्सवर पंचा झाकलेला ठेवा, हूड लावा, तुषार थांबले की पंचा काढा, क्लिक, परत झाका. दर तीन-चार फोटोंनंतर झूम करून बघा काचेवर थेंब आहे का, मी एकदा अख्खी सकाळ एका थेंबासकट काढून घरी आलोय, बरोबर धबधब्याच्या मधोमध एक गोल धूसर डाग, ४० फोटोंत. आणि एसी लोकलमधून किंवा एसी गाडीतून उतरलात की लगेच कॅमेरा बाहेर काढू नका, थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेची वाफ धरते. सॅक बंदच ठेवून वीस-पंचवीस मिनिटं चाला, तोपर्यंत काच बाहेरच्या तापमानाला येते.

श्रावण: इंद्रधनुष्य आणि उलटे धबधबे

ऑगस्टमधे ऊन-पाऊस सुरू झाला की कडक उन्हाचा नियम थोडा बाजूला ठेवता येतो, कारण तुषारांत इंद्रधनुष्य दिसतं. ते नशिबावर नसतं, सूर्य बरोबर पाठीमागे आणि तुषार समोर पाहिजेत. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते तिथून चहूबाजूंनी ४२ अंशांवर धनुष्य उमटतं, म्हणजे सूर्य जितका खाली तितकं धनुष्य वर, आणि भरदुपारी ते जमिनीखाली जातं, मग फक्त वरून खाली दरीत बघितलं तरच दिसतं. पूर्वेकडे तोंड असलेला धबधबा असेल तर सकाळी आठ-नऊ, पश्चिमेकडचा असेल तर चार-पाच. पोलरायझर (लेन्ससमोरचा, चकाकी काढणारा फिल्टर) लावला असेल तर काढा किंवा फिरवून बघा, त्याने इंद्रधनुष्य पुसलं जाऊ शकतं, कारण त्याचा प्रकाश पोलराइज्डच असतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं आणि डोळ्यांना दिसणारं धनुष्य फोटोत का नाही म्हणून डोकं खाजवत बसतात.

उलटा धबधबा बघायला नाणेघाट सगळ्यांना माहीत आहे. कोकणातून आलेला वारा उभ्या कड्यावर आपटतो, त्याला जायला वर सोडून जागा नाही, तो कड्याला घासत वर येतो आणि पडणारं पाणी परत पठारावर फेकतो. वारा पडला की साधा धबधबा, वारा आला की उलटा. इथे लांब शटर कामाचं नाही, १/५०० ते १/१००० ठेवा म्हणजे थेंब वर जाताना दिसतात. समोरून काढू नका, बाजूने काढा, कड्याची कड फ्रेममधे हवी नाहीतर बघणाऱ्याला धुकं वाटतं. मागे गडद कडा किंवा काळा ढग असेल तर थेंब उठून दिसतात. फोटोपेक्षा इथे व्हिडिओ जास्त चांगला असं माझं प्रामाणिक मत. आणि कड्याच्या कठड्यापासून लांब, तो वारा पाणी वर फेकतो तसा माणसाचा तोलही घालवतो.

सप्टेंबर-ऑक्टोबर: खरा सीझन

मला विचाराल तर गणपती झाल्यावरचे तीन-चार आठवडे वर्षातले सगळ्यात चांगले. गर्दी संपलेली, पाणी काचेसारखं स्वच्छ, पुराची भीती कमी (गेलेली नाही, परतीचा पाऊस दुपारनंतर ढगफुटीसारखा कोसळू शकतो, म्हणून ओढ्यातलं काम दुपारी दोनच्या आत संपवा, माझ्यासारखा दुपारनंतर सावलीत येणारा धबधबा असेल तर आभाळ साफ असेल त्याच दिवशी थांबा). मुंबईतून मान्सून परत जायची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर, तोपर्यंत पाणी असतं. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा दगडांच्या फटीफटीत फुललेला, आणि ज्या वर्षी कारवीचा (डोंगरउतारावरचं झुडूप) बहर असेल, जो साधारण सात वर्षांनी एकदा येतो, त्या वर्षी तर उतारच्या उतार जांभळे. फुलं अगदी पुढे घ्या, लेन्सपासून हात-दीड हातावर, मागे धबधबा. तोडू नका, तुडवू नका, कारवीला परत सात वर्ष लागतात.

आता पाणी बारीक झालेलं असतं, धारा सुट्या दिसतात, आता दुधाळ पाणी काढायला काही हरकत नाही. पद्धत अशी. कॅमेरा ट्रायपॉडवर, लेन्समधलं स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदाचा टायमर म्हणजे बोट लागून हलणार नाही. आयएसओ १००. अपर्चर (लेन्सचं छिद्र, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) एफ ८ ते एफ ११, शटर लांब करण्यासाठी एफ २२ वर जाऊ नका, डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने, अख्खा फोटो मऊ पडतो. पहिला फिल्टर घ्यायचा तो पोलरायझर, एनडी (प्रकाश कमी करणारी काळी काच) नंतर. ओल्या दगडावरची आणि पानांवरची चकाकी तो काढतो, हिरवा रंग खोल येतो, कुंडाचा तळ दिसतो, आणि हे कुठलंही सॉफ्टवेअर नंतर करू शकत नाही. लेन्ससमोर हळूहळू फिरवायचा आणि डोळ्यांनी बघत थांबायचं. पूर्ण चकाकी घालवू नका, थोडी ठेवा, नाहीतर दगड ओले आहेत तेच कळत नाही. वर तो दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) प्रकाश खातो, त्यामुळे शटर आपोआप लांबतं.

एनडीचा हिशोब सोपा आहे. समजा फिल्टरशिवाय १/३० येतंय. एनडी ८ लावला, तीन स्टॉप, १/४ सेकंद झालं. एनडी ६४, सहा स्टॉप, दोन सेकंद. एनडी १०००, दहा स्टॉप, जवळजवळ ३४ सेकंद. धबधब्यासाठी एनडी ८ किंवा फार तर ६४, हजारवाला समुद्रासाठी ठेवा, बॅण्डस्टॅण्डला भरतीच्या वेळी वापरा. बारीक धारेला मला १/४ ते १ सेकंद आवडतं, त्यात धाग्यासारखे पदर राहतात, पाच सेकंदांनंतर कापूस होतो. उंचावरून वेगात पडणाऱ्या पाण्याला कमी वेळ लागतो, दगडावरून घरंगळणाऱ्याला जास्त, त्यामुळे एकाच जागेवर १/८, १/४, १/२, १ असे चार काढून घरी निवडा. लांब शटरला पानं हलतात ती वेगळीच डोकेदुखी, त्यावर उपाय म्हणजे ट्रायपॉड न हलवता एक फोटो १/१२५ ला आयएसओ वाढवून पानांसाठी काढायचा आणि नंतर दोन्ही जोडायचे. सावलीत फोटो निळसर येतो, व्हाइट बॅलन्स (रंगाचा तोल) शेड किंवा क्लाउडीवर टाका, पण पाण्यात थोडा निळेपणा राहू द्या, अगदी पिवळं पाणी विचित्र दिसतं.

ट्रायपॉड ओढ्यात लावायचा असेल तर जाड पाय आधी पूर्ण उघडा, बारीक शेवटचे पाय बंद ठेवा, एक पाय पाण्याच्या येणाऱ्या दिशेला, मधला दांडा वर काढू नका, सॅक खाली हुकाला लटकवा. पायात चपला-फ्लोटर नकोत, सह्याद्रीच्या ओल्या दगडाला धरणारा रबरी तळाचा बूट पाहिजे आणि तरीही काळ्या चकचकीत दगडावर पाय टाकू नका, तो शेवाळाचा असतो. खरखरीत, फिकट दिसणाऱ्यावर टाका.

नोव्हेंबरनंतर

आपल्या जवळपासचे बहुतेक धबधबे दिवाळीपर्यंत आटतात. ज्यांना पुढेही पाणी हवंय त्यांनी जव्हारपासून साधारण २० किलोमीटरवरचा दाभोसा बघावा, तिथे हिवाळा सुरू झाल्यावर पण धार असते. भंडारदऱ्याला प्रवरेवरचा रंधा आणि विल्सन धरणाच्या पायथ्याचा अंब्रेला फॉल धरणातून पाणी सोडण्यावर आहेत, त्यामुळे पाणी सोडलंय का ते तिथल्या कोणाला तरी फोन करून विचारून मग निघा, नाहीतर चार तास प्रवास करून कोरडी भिंत बघाल. थंडीत हवा स्वच्छ, सकाळचा उजेड तिरपा, कुंडात कड्याचं प्रतिबिंब पडतं. बारीक धारेचे, थेंबांचे, दगडावरच्या ओल्या रेघांचे फोटो मला आता मोठ्या धबधब्यापेक्षा जास्त आवडायला लागलेत.

मोबाईलवाल्यांसाठी

कॅमेरा नाही म्हणून थांबू नका. आयफोनवर लाइव्ह फोटो चालू ठेवून काढा, नंतर त्याच फोटोत लाँग एक्स्पोजर निवडा, पाणी मऊ होतं, फक्त फोन दगडाला टेकवून धरा. अँड्रॉइडवर प्रो मोडमधे आयएसओ ५० किंवा असेल तो सगळ्यात कमी, शटर १/४ ते १/२. मोबाईलचं अपर्चर बहुधा लहान करता येत नाही म्हणून उन्हात हे पांढरं फक्क येणार, दाट ढगात, झाडीत किंवा अगदी सकाळी-संध्याकाळी करा. पाणी जिथे सगळ्यात उजळ आहे तिथे स्क्रीनवर बोट ठेवून एक्सपोजर खाली ओढा. ओल्या हाताने स्क्रीन चालत नाही, पंचा खिशात. आणि सेल्फीसाठी पाठ करून पाण्याकडे सरकत जाऊ नका, एवढं ऐकाच.

घरी आल्यावर

मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी लागते. माझी पहिली लेन्स तशी गेली, पावसाळ्यात फिरून आलो, चामड्याच्या केसमधे घालून कपाटात ठेवली, दिवाळीला काढली तर काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. फार वाईट वाटलं होतं, पहिल्या पगारातून घेतलेली होती. आता घरी आल्या आल्या सगळं बाहेर काढून पुसतो, पंख्याखाली रात्रभर ठेवतो, मग स्वयंपाकघरातल्या घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर. आत एक छोटा आर्द्रता मोजणारा काटा ठेवलाय, ४० ते ५० टक्क्यांच्या मधे राहिला पाहिजे. रंग बदलणारं जेल असेल तर रंग बदलला की कढईत मंद आचेवर गरम करायचं, मूळ रंगावर येतं, कढई मात्र त्याच कामाला वेगळी ठेवा. डबा नसेल तर निदान कॅमेरा रोज वापरा, उजेडात आणि हवेत राहिलेल्या लेन्सला बुरशी सहसा लागत नाही.

फोटो कॉम्प्युटरवर टाकताना फोल्डरच्या नावात तारीख, वेळ आणि आदल्या दिवशी पाऊस किती झाला होता ते लिहा. तीन वर्षांनी ही फोल्डरं एकाखाली एक बघितली की कळतं आपल्या धबधब्याला किती पावसानंतर किती पाणी येतं, माझ्याला जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यात सुंदर आकार येतो, त्याच दिवशी नाही. आता जानेवारीत परत जाणार आहे, मधल्या टप्प्यावरचा एक दगड यंदाच्या पुरात सरकलाय असं वाटतं, पाणी डावीकडे जास्त पडत होतं, ते कोरडं असताना बघून यायचंय. मामांसाठी काढलेला लावणीचा फोटो प्रिंट करून ठेवलाय, तोही द्यायचाय.